बाळापूरची लढाई व मराठे–निजाम समझोता

अकोला जिल्ह्यातील बाळापूरजवळ ऑगस्ट १७२० मध्ये झालेली लढाई. तीत निजामुल्मुल्कने (पहिला निजाम) मोगल दरबारातील प्रबळ सय्यद बंधूंचा पुतण्या आलमअलीखान याचा पराभव केला. आलमअली मारला गेला. त्याच्या बाजूने मराठी फौजाही लढल्या होत्या. पुढे पालखेडला पेशवा पहिल्या बाजीरावाकडून कोंडी झाल्यावर निजामाने मुंगी-शेवगावच्या तहाने (६ मार्च १७२८) दख्खनच्या चौथ-सरदेशमुखीचा (महसुलातील वाट्याचा) मराठ्यांचा हक्क मान्य केला. वऱ्हाडात नागपूरकर भोसले व निजाम यांचा दुहेरी अंमल राहिला. महसूल वाटून घेतला जाई. हा सलोखा व्यवहारापुरताच होता. राक्षसभुवन (१७६३) व खर्डा (१७९५) येथे मराठे व निजाम पुन्हा लढले. इंग्रज व भोसले यांच्यातील देवगावच्या तहाने (१८०३) वर्धा नदीच्या पश्चिमेकडील भोसल्यांचा वऱ्हाडी मुलूख निजामाकडे गेला व हा दुहेरी अंमल संपला.