पंधरा ते पन्नास : जुन्या गाडीचं मधलं वय

आपल्याकडे मोटारगाडी पंधराव्या वर्षी म्हातारी होते आणि पन्नासाव्या वर्षी वारसा ठरते. मधली पस्तीस वर्षं तिने कसं जगायचं, याचा विचार मात्र कायद्याने फारसा केलेला नाही. सध्या "जुनी फियाट घ्यायची आहे, काय बघू?" असं विचारणारे फोन आणि मेसेज मला बरेच येतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. लांबेल, कारण उत्तराची सुरुवात आपल्या सोलापूरच्या माणसापासून होते.

वालचंद हिराचंद दोशी. जन्म सोलापूरचा, १८८२ चा. जहाजं, विमानं आणि मोटार, तिन्हींचे कारखाने इंग्रजांच्या राज्यात काढायला निघालेला माणूस. मोटार कारखान्याची योजना विश्वेश्वरय्यांनी तिसच्या दशकात मांडली आणि वालचंदांनी ती उचलून धरली, पण सरकारने दाद दिली नाही. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि १९४७ मध्ये तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या अमेरिकन क्रायस्लरच्या होत्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो. भाग बाहेरून यायचे, जुळणी इथे व्हायची.

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने धोरण ठरवलं: ज्यांना भाग इथेच बनवायचे आहेत त्यांनीच राहावं, नुसती जुळणी करणाऱ्यांनी जावं. शिवडीला १९२८ पासून गाड्या जुळवणारी जनरल मोटर्स गेली, फोर्डही गेली. रिकाम्या झालेल्या बाजारात मोजक्या कंपन्या उरल्या. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्स, मद्रासला स्टँडर्ड आणि मुंबईत आपली प्रीमियर. प्रीमियरने इटलीच्या फियाटशी करार केला आणि १९५४ मध्ये फियाट ११०० आली. वालचंदांनी ती पाहिलीच नाही, आदल्या वर्षीच ते गेले.

तीच आपली 'डुक्कर फियाट'. पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, गुबगुबीत. पुढे १९६४-६५ च्या सुमारास सरळ रेषांची 'डिलाइट' आली. सत्तरच्या दशकात फियाटचं नाव गेलं, थोडा काळ 'प्रेसिडेंट' झालं आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. इंजिन १,०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. २००० च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत मूळ गाडी जवळजवळ तीच राहिली.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण आजच्या खरेदीशी तिचा थेट संबंध आहे. त्या काळात गाडी मिळतच नव्हती. नोंदणी करायची आणि वर्षानुवर्षं थांबायचं. १९५९ च्या वाटप आदेशापासून गाडी कुणाला द्यायची यावर सरकारचं नियंत्रण, १९६९ मध्ये किंमतही सरकारनेच बांधून दिली, आणि त्यावरून कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना १९६४ मध्ये त्यांच्या घरी फियाट घ्यायची ठरली. किंमत सुमारे १२,००० रुपये, घरात ७,००० होते. उरलेले ५,००० त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाने घेतले, आणि ताश्कंदला ते गेल्यावर ललिताबाईंनी पेन्शनमधून फेडले. पंतप्रधानांची ही कथा, तर तालुक्याच्या डॉक्टरची काय असेल! नव्या गाडीला रांग असल्यामुळे हातातली जुनी गाडी नव्याच्या किमतीला, कधी वर 'ऑन' देऊन विकली जायची.

त्यामुळे गाडी कुणी टाकून देत नव्हतं. इंजिन बोअर करून घ्यायचं, पिस्टन-रिंग बदलायच्या, कुजलेला पत्रा कापून नवा जोडायचा आणि पुन्हा दहा वर्षं चालवायची. या टंचाईतून मिस्त्री, लेथवाले, डेंटर आणि शिटा शिवणारे कारागीर यांची एक अख्खी पिढी गावोगाव तयार झाली. टंचाईचं कौतुक नको, ते वाईटच दिवस होते. पण हे कौशल्य खरं होतं आणि ते कुठल्याही आयटीआयने शिकवलेलं नव्हतं.

१९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली आणि खासगी गिऱ्हाईक तिकडे वळलं. पद्मिनीला पुढे तगवलं ते मुंबईच्या काळी-पिवळीने. हजारो टॅक्सी रस्त्यावर होत्या म्हणून क्लच प्लेट, ब्रेक शू, काचेचं रबर, सगळं दुकानात मिळत होतं. हौशी मालकाची गाडी खरं तर टॅक्सीवाल्याच्या जिवावर चालत होती. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावर दिसायची बंद झाली. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, फोटो टाकले. भागांचा बाजार हलत होता तो कोणामुळे, हे मात्र त्या दिवशी फार थोड्यांच्या लक्षात आलं.

तर आता खरेदीकडे.

आधी कागद, मग गाडी. मालक बॉनेट उघडायला निघाला तर त्याला म्हणा, "काका, आधी आरसी बुक दाखवा." बुकावरचा चासी नंबर गाडीवर ठोकलेल्या नंबराशी स्वतः डोळ्यांनी जुळवा, घासून वाचा. इंजिन नंबर बऱ्याचदा जुळत नाही, कारण इंजिनं बदलली गेली आहेत. त्यात चोरीच असेल असं नाही, पण बदलाची नोंद आरसीवर असायला हवी. मग तोच क्रमांक परिवहनच्या संकेतस्थळावर घालून बघा. जुन्या नोंदी हाताने लिहिलेल्या रजिस्टरात होत्या, त्यातल्या सगळ्या संगणकावर चढलेल्या नाहीत. नसेल तर 'बॅकलॉग एंट्री' करून घ्यावी लागते, आणि ती विकणाऱ्याने करून द्यायची. पैसे देऊन झाल्यावर ते काम कुणी करत नाही.

दुसरं, गाडी कुणाच्या नावावर आहे? आपल्याकडे वाड्यात, शेतात उभ्या असलेल्या निम्म्या तरी गाड्या वारलेल्या आजोबांच्या नावावर असतील, असा माझा अंदाज. अशी गाडी नातू विकू शकत नाही. आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची, त्याला बाकीच्या वारसांची संमती लागते. त्यात पुण्याची आत्या आणि अमेरिकेतला काका दोघंही आले. तिसरं म्हणजे बँकेचा बोजा. कर्ज १९९२ मध्येच फिटलेलं असतं, पण आरसीवरचं बँकेचं नाव कुणी काढलेलं नसतं, आणि आता ती सहकारी बँक दुसऱ्या बँकेत विलीन किंवा बंद. ना हरकत पत्र आणायचं कुठून? मी एका ओळखीच्या घरी बघितलं: सुरेख गाडी, एकहाती मालकी, आणि एवढ्या एका ओळीसाठी सात महिने अडकून पडली.

पूर्वाश्रमीची टॅक्सी ओळखणं सोपं आहे. डिकीतला मॅट उचला, डॅशबोर्डाच्या मागे टॉर्च मारा. काळा-पिवळा रंग कुठेतरी सापडतोच. जुना मीटर बाहेर, पुढच्या डाव्या बाजूला बसवलेला असायचा, त्याच्या बुजवलेल्या भोकांवर हात फिरवून बघा. टॅक्सी होती म्हणून गाडी वाईट नव्हे, पण खासगीत बदल झाल्याची नोंद हवी आणि किंमत त्या हिशोबाची हवी.

मग पत्रा. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार उचलते. म्हणून दरवाज्यांखालच्या पट्ट्या, पायाखालचा तळ आणि मागचे पाटे जिथे टांगलेत ती जागा, ही तीन ठिकाणं कुजलेली असतील तर वरचा रंग कितीही चकचकीत असो, सोडून द्या. फ्रिजवरचा लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. एका बाजूने जॅक लावून दरवाजा उघडा-मिटा करा. अडला तर बॉडी दबलेली आहे. मुंबई, कोकण, गोव्याची गाडी खाऱ्या हवेने तळातून खाल्लेली असते. आपल्या सोलापूर, धाराशिव, लातूर भागातली गाडी पत्र्याला चांगली निघते, पण उन्हाने रबर आणि वायरिंगची साल कडक होऊन तडकलेली असते. माझं मत विचाराल तर रबर बदलता येतं, आपल्या भागातलीच घ्या.

इंजिनाला लोक उगाच घाबरतात. साधं मशीन आहे, अजून होतं. खर्च पत्र्याचा असतो आणि वेळ ट्रिमचा. दिव्यांच्या कडा, हँडल, पट्ट्या, काचा यांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा पुण्याची नाना पेठ पालथी घालावी लागते. म्हणून थोडी खराब पण 'पूर्ण' गाडी घ्या. चांगली चालणारी पण निम्म्या वस्तू गायब असलेली घेऊ नका.

उन्हाळ्यात घाटात पंपावर ओलं फडकं टाकून बसणं जुन्या लोकांना आठवत असेल, पेट्रोलची पाइपातच वाफ व्हायची. आता एक नवी भानगड आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. या गाड्यांचे रबरी पाइप आणि पंपातला पडदा त्यासाठी बनलेले नाहीत, ते फुगतात, चिरतात. बॉनेटखाली गळणारं पेट्रोल म्हणजे आग. गाडी घरी आणल्यावर पहिलं काम रंगाचं नाही, इथेनॉल सोसणारे पाइप टाकण्याचं.

आता त्या पस्तीस वर्षांकडे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. चारचाकीचं शुल्क पूर्वी ६०० रुपये होतं, एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला १०,०००. वर राज्याचा पर्यावरण कर. धूर सोडणारी भंगार वाहनं रस्त्यावरून जावीत, हे मलाही मान्य आहे. पण रोज शंभर किलोमीटर पळणारी आणि महिन्यातून एकदा देवदर्शनाला निघणारी, दोघींना एकच माप लावलं जातं.

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'विंटेज' दर्जा दिला. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, आणि जुनी नोंदणी असलेल्यांना आपला जुना नंबर ठेवता येतो. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल यासाठीच रस्त्यावर आणायची, रोजच्या वापराला नाही. चांगलं केलं. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. आता हिशोब करा. १९७४ ची पद्मिनी आत्ता कुठे पन्नाशी ओलांडतेय. शेवटच्या गाड्या पन्नाशीला येतील २०५० मध्ये. तोवर मूळ भाग संपत जाणार, मालक दुसरं इंजिन बसवणार, आणि पन्नासाव्या वर्षी नियम म्हणणार, ही मूळ राहिली नाही! जर्मनीत तीसाव्या वर्षी ऐतिहासिक गाडीची 'एच' पाटी मिळते, ब्रिटनमध्ये चाळिशीनंतर करमाफी. आपल्याकडेही तिशीला एखादी मधली पायरी ठेवा, वर्षाला ठरावीक किलोमीटरची अट घाला, धूर तपासा. खासदार-आमदारांनी मागावी अशी ही मागणी आहे.

तोपर्यंत रिस्टोअर करणाऱ्यांना माझं सांगणं: डिझेल इंजिन, मोठी चाकं, सनरूफ, यातलं काही नको. कारखान्याच्या मूळ रचनेत परस्पर बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच स्पष्ट केलंय. काढलेला प्रत्येक जुना भाग, मोडका का असेना, नाव लिहून खोक्यात ठेवा. कामाआधीचे फोटो आणि बिलंही. मूळपण सिद्ध करायची वेळ आली तर हेच कामाला येईल.

आणि विकणाऱ्यांनो, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून चावी देऊन मोकळं होण्याची आपल्याकडची जुनी सवय सोडा. फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरा, खरेदीदाराचं नाव-पत्ता आणि तारीख घाला, राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवा, पोच घ्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेलेली, नोंद मात्र पहिल्याच मालकाची. अपघातात मुलगा गेला, आणि भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच आली.

ज्यांच्या घरी ताडपत्रीखाली एखादी उभी आहे, त्यांनी या रविवारी कपाटातलं आरसी बुक तेवढं काढा. नाव कुणाचं आहे, मुदत कधी संपली आणि बँकेची ओळ आहे का, ते बघा. गाडी ठेवायची की द्यायची ते नंतर ठरवता येईल, पण सही करू शकणारी माणसं घरात आहेत तोवर हे काम उरकून घ्या.