मांडवात येणाऱ्या पुरुषानं काय घालावं?



आमच्या पुतण्याचं लग्न ठरलं आहे, मार्गशीर्षातलं. मुलगी बेंगळुरूची. परवा त्याचा फोन आला. "काकू, तिकडचे म्हणतात पत्रिकेत ड्रेस कोड छापायचा. पुरुषांनी फिकट रंगाचा कुर्ता. आपल्याकडच्या पुरुषांना काय सांगायचं? तुमच्यात काय पद्धत होती?"

पद्धत म्हटल्यावर मी अडकले. साड्यांचं विचारलं असतं तर रात्रभर सांगितलं असतं. आजीचं इरकल, आईची नारायणपेठ, सगळं पाठ. पण आजोबांनी लग्नात काय घातलं होतं असं कुणी विचारलं, की "धोतर असेल" यापुढे आपली गाडी जात नाही. आपण पुरुषांकडे त्या नजरेनं कधी बघितलेलंच नाही.

म्हणून कपाटातला जुना फोटो काढला. आमच्या थोरल्या चुलतसासऱ्यांच्या लग्नातला, १९४४ चा. मांडवाबाहेर सतरंजी, खुर्च्यांवर वडीलधारी, मागं उभी भावकी. मी बी.कॉम., मोजल्याशिवाय चैन पडत नाही. एकतीस मोठे पुरुष आहेत. चौदा जणांना पटका किंवा रुमाल, अकरा काळ्या टोप्या, पाच पांढऱ्या टोप्या आणि एक पगडी. ती पगडी सांगलीहून आलेल्या वकिलांची. एकतीस डोकी, आणि एकही उघडं नाही. उघडी डोकी फक्त पुढं मांडी घालून बसलेल्या पोरांची.

हीच होती पद्धत. अंगावर काय आहे ते ज्याच्या-त्याच्या ऐपतीवर, पण डोकं झाकलेलं पाहिजे. उघडं डोकं म्हणजे घरात सुतक. मयताला जाताना पागोटं उतरवायचं, त्यामुळे बोडक्या डोक्यानं मांडवात आलेला माणूस म्हणजे अपशकुनच. दरबारात, कचेरीत, सभेतही तसं जाता येत नसे. आपल्या कर्मवीर भाऊराव पाटलांचे फोटो आठवा, उघडं डोकं आणि पांढरी दाढी. आज आपल्याला त्यात काही वाटत नाही, पण त्यांच्या पिढीतल्या कुंभोजच्या माणसानं तसं राहणं म्हणजे जगाची रीत सोडून देणं होतं.

शिवाय डोक्यावरचं बघून माणूस कोण ते कळायचं. पुण्याची चक्रीबंद पगडी वेगळी, व्यापाऱ्याची वेगळी, शेतकऱ्याचा रुमाल वेगळा. पगडी कारागीर बांधून द्यायचा, टोपीसारखी उचलून डोक्यावर ठेवायची. पटका आणि फेटा रोज आपल्या हातानं बांधायचा. अंगात आधी बाराबंदी किंवा अंगरखा असायचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजी कोट आला आणि धोतरावर बसला. कोट, धोतर, उपरणं आणि पागोटं हा लग्नाला जाणाऱ्या पुरुषाचा पोशाख मग पन्नासएक वर्षं टिकला. त्यात कुणाला काही विजोड वाटलं नाही. आज कुर्त्यावर जाकीट आणि खाली जीन घातलेल्या पोरांना आपण नावं ठेवतो, म्हणून हे सांगितलं.

आता त्या पाच पांढऱ्या टोप्या. १९२० मध्ये असहकाराची चळवळ सुरू झाली आणि खादीची पांढरी टोपी गावोगाव पोचली. सरकारला ती इतकी खुपली की नोकरांनी घातली तर नोकरीवर गदा यायची. गंमत म्हणजे जिला गांधींचं नाव मिळालं ती त्यांनी स्वतः फार थोडी वर्षं घातली. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला त्यांनी पंचा नेसायला सुरुवात केली, त्या सुमारास टोपीही सुटली. पण आपल्या भागानं ती धरली ती धरलीच. मला यातला हिशेब फार आवडतो. एका फेट्याला सहा-सात मीटर कापड लागतं. टोपीला पाव मीटर पुष्कळ झालं. म्हणजे एका फेट्यात पंचवीस टोप्या. आणि टोपी घातल्यावर पाटील कोण आणि वाटेकरी कोण हे डोक्यावरून कळत नाही. पहिल्यांदाच असं झालं असणार की मांडवात दोघांच्या डोक्यावर एकसारखीच वस्तू होती.

फोटोतल्या काळ्या कोटांची वेगळीच कथा आहे. आमचे मामंजी सांगायचे. १९४३ साली सरकारनं कापडावर आणि सुतावर नियंत्रण आणलं. लढाई चालू होती, गिरण्यांचा माल लष्कराकडे जात होता, किमती भडकल्या होत्या. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग सुरू केला होता, त्याला चाळीस वर्षं होत आली होती, माग खडखडत होते. पण चार मैलांवरच्या गावात लग्नाला नवं धोतरजोड मिळेना. आमच्या गल्लीत धड असा काळा कोट एकच. तो त्या वैशाखात चार लग्नांना गेला. फोटोत तो मधल्या रांगेतल्या एका पाहुण्याच्या अंगात आहे, बाह्या मनगटाच्या वर चार बोटं. मामंजींना त्या कोटाचं हसू यायचं, आणि मग एकदम गप्प व्हायचे. कारण तो कोट त्यांच्या वडिलांचा होता आणि ते स्वतः त्या दिवशी नुसत्या सदऱ्यावर, मागच्या रांगेत उभे होते. पाहुण्याला कमीपणा येऊ नये म्हणून घरच्यानं आपला कोट उतरवून दिला होता.

मामंजींची आणखी एक सवय. त्यांनी रेशमाला आयुष्यभर अंग लावलं नाही. कोश उकळत्या पाण्यात टाकतात तेव्हा आत जीव असतो हे त्यांनी लहानपणी कुणाकडून तरी ऐकलं होतं. व्याह्यांनी जरीकाठी रेशमी उपरणं दिलं तर हातात घेऊन कपाळाला लावायचे आणि परत ताटात ठेवायचे. आपण सगळ्या रेशमी पैठण्या नेसून मंदिरात जातो तेव्हा मला ते ताट आठवतं. नेसते मात्र, खोटं कशाला बोलू. चामड्याचं तसंच. लग्नाआधी मंदिरात दर्शनाला जायचं, तेव्हा वहाणा बाहेर राहतात, पण पट्टा आणि पैशाचं पाकीट आतच जातं. हे कुणा पुरुषाच्या ध्यानात येत नाही. निघताना आपणच बघावं लागतं.

स्वातंत्र्यानंतर धोतर कसं गेलं, हे मला कॉलेजात एका सरांनी शिकवलं होतं. १९५२ च्या अखेरीस सरकारनं गिरण्यांच्या धोतर-उत्पादनावर मर्यादा घातली. पूर्वीच्या साठ टक्क्यांपर्यंतच विणायचं, बाकीचा बाजार हातमागवाल्यांना सोडायचा. १९५३ मध्ये जादा धोतरांवर जादा अबकारी बसवणारा कायदाही आला. हेतू चांगला होता. पण विणकराला काम मिळेपर्यंत पोरं पँट घालायला लागली होती. धोतराचं रक्षण करायला कायदा आला आणि धोतर नेसणाराच निघून गेला! त्यानंतर टेरिकॉट, मग सफारी सूट. धुतलं, वाळवलं, इस्त्री नको. बायकांचे हात सुटले, हे मी विसरत नाही. पांढऱ्या धोतराला नीळ आणि खळ कोण घालत होतं?

माझं लग्न १९८३ चं. अल्बममध्ये मोजलं. साधारण निम्मी डोकी उघडी, आणि झाकलेली बहुतेक सगळी पन्नाशीच्या पुढची, पांढऱ्या टोपीतली. माझ्या भावाच्या मित्रांच्या अंगात एकाच रंगाचे सफारी आहेत, पोलीस पार्टी आल्यासारखे. पण आहेर मात्र टॉवेल-टोपीच. म्हणजे जुनं शेला-पागोटंच, स्वस्तातलं. यजमानानं पाहुण्याच्या डोक्यावर काहीतरी ठेवायचं ही रीत, डोकी उघडी पडली तरी, चालू राहिली. अर्ध्या टोप्या घरी जाऊन ट्रंकेत पडायच्या आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याला दिल्या जायच्या. आमच्याकडे अशी एक टोपी फिरून परत आमच्याकडेच आली होती, आतल्या बाजूला आमच्याच दुकानाचा शिक्का. "टोपी घालणे" याचा दुसरा अर्थ मला तेव्हा नीट कळला.

मग फेटा परत आला. साधारण गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला हा प्रकार. आता तो डोक्यावर रोज बांधायचा कपडा राहिला नाही. दारात टेबल, बांधणारे दोन कारागीर, भगवे किंवा गुलाबी फेटे, नगावर दर. कोल्हापुरी बांधू का पुणेरी, असं विचारतात. दिसतं छान, मी नाही म्हणत नाही. फोटोत मांडव भरल्यासारखा वाटतो. पण फेटे मोजून आणलेले असतात आणि माणसं मोजून येत नाहीत.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. २०११ मध्ये आमच्या मुलीचं लग्न झालं. आम्ही पंच्याहत्तर फेटे सांगितले होते. आमची मळ्याची जमीन तीस वर्षं वाट्यानं करणारे एक गृहस्थ होते, मुलं त्यांना आप्पा म्हणायची. माझी मुलगी त्यांच्या खांद्यावर बसून मळ्यात गेलेली. आप्पा सकाळी आठलाच आले, खळ घातलेलं धोतर, कडक पांढरी टोपी. कारागिरानं हौसेनं त्यांना बसवलं, टोपी उतरवली, फेटा बांधला. टोपी घडी करून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली. आरशात बघून हसले, ते मी लांबून बघितलं.

अकराच्या सुमाराला वऱ्हाडाची दुसरी गाडी आली, अपेक्षेपेक्षा जास्त माणसं घेऊन. फेटे संपले होते. व्याह्यांचे दोन जवळचे नातेवाईक उघड्या डोक्यानं उभे. कुणीतरी धावत माझ्याकडे आलं. मी साड्यांच्या ताटांत बुडालेली. वर न बघताच म्हणाले, "अरे, आपल्यातल्या कुणाचा तरी घ्या ना."

आपल्यातल्या कुणाचा म्हणजे कुणाचा घेतला, ते मला अक्षता पडताना दिसलं. मंडपाच्या खांबाशी आप्पा उभे होते, डोक्यावर तीच पांढरी टोपी, खिशातल्या घडीची रेघ मधोमध. अक्षता टाकल्या, हात जोडले आणि गेले. सूर्यास्ताच्या आत चार पंगती उठल्या, त्यातल्या एकाही पंगतीला आप्पा नव्हते.

पगडी उतरवणं म्हणजे काय हे आपल्या भाषेला ठाऊक आहे. हरलेला माणूस पगडी पायाशी ठेवायचा. मुंबईत भाड्याची खोली मिळवायला जे पैसे मोजतात त्यालाही पागडीच म्हणतात, इतकी ती वस्तू किमतीची. आणि मी ती एका माणसाच्या डोक्यावरून उतरवायला सांगितली होती, तीही वर न बघता. १९४४ साली माझ्या आजेसासऱ्यांनी पाहुण्यासाठी आपला स्वतःचा कोट काढून दिला होता. मी दुसऱ्याच्या डोक्यावरचं काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. ते मळ्यात होते. त्यांच्या बायकोनं चहा केला, लग्न चांगलं झालं म्हणाली, डबा ठेवून घेतला. आप्पांनी तो विषय कधी काढला नाही आणि मीही काढला नाही. तीन वर्षांनी मुलाच्या लग्नाला आले तेव्हा फेट्याच्या टेबलापासून लांबून, मागच्या दारानं मांडवात आले. कारागिरानं हाक मारली तर हात हलवून नको म्हणाले. आता आप्पा नाहीत.

तर पुतण्याला मी काय सांगितलं? पत्रिकेत काही छापू नकोस. तुझ्या मित्रांना फोनवर सांग, फिकट कुर्ते घालू देत, फोटो चांगले येतील. आपल्याकडच्या पुरुषांना स्वच्छ धुतलेलं सुती काहीही चालेल. पट्टा, पाकीट मंदिराबाहेर. आणि डोक्याला काय द्यायचं ते माझ्यावर सोड. तो म्हणाला, "काकू, शंभर फेटे सांगू का?" मी म्हटलं, फेटा एकही नको. नवरदेवाला फक्त.

आमच्या ह्यांनी इचलकरंजीच्या एका ओळखीच्या शिंप्याला साडेचारशे सुती टोप्यांची ऑर्डर दिली आहे. व्याह्यांना, भावकीला, दुकानातल्या पोरांना, मांडववाल्याच्या माणसांना, सगळ्यांना तीच. पाहुणे साडेतीनशे धरलेत, शंभर वर ठेवल्यात. घरात थोडी कुरकुर झाली, व्याही काय म्हणतील म्हणून. झाली तर झाली.

आप्पांच्या मुलाला पत्रिका द्यायला मी स्वतः जाणार आहे. शिंपी टोपीची मापं लिहून मागतो, त्याचं तेवढं विचारायचं राहिलंय.