बाजेवरचा चित्ता

कोल्हापूर संस्थानातल्या चित्त्यांच्या शिकारीचे फोटो आपल्याकडे अनेकांनी पाहिलेले असतात. गाडीवर डोळ्यांना टोपी चढवलेला चित्ता, शेजारी त्याला सांभाळणारा चित्तेवान, लांब माळावर काळवीट. मला त्या फोटोच्या आधीचे महिने जास्त मोलाचे वाटतात. जनावरांचा डॉक्टर म्हणून आयुष्य भेदरलेल्या जनावरांसोबत गेलं, त्यामुळे असेल.

शिकारीसाठी बछडा घेत नसत. धावायचं कसं, दबा कुठे धरायचा, हे आई शिकवते. ते शिक्षण माणसाला देता येत नाही. म्हणून पूर्ण वाढलेला, रानात शिकार करून जगलेला चित्ताच धरायचा. नखं घासायला चित्ते ठरावीक झाडांपाशी पुन्हापुन्हा येतात, हे पारध्यांना ठाऊक होतं. त्या झाडाभोवती ते हरणाच्या तातीचे फास मांडत.

फासात सापडलेल्या चित्त्याला वस्तीवर आणल्यावर बाजेवर करकचून बांधत आणि डोळ्यांवर टोपी चढवत. दिसणं बंद झालं, की जनावर अर्धं शांत होतं; उरतात कान आणि नाक. इथून पुढचं काम बायका-मुलांचं. एकोणिसाव्या शतकातल्या दख्खनमधल्या वर्णनांत हे स्पष्ट येतं: त्यांनी दिवसभर बाजेला लागून बसायचं आणि बोलत राहायचं. बोलणं काय असेल? धान्य निवडताना चालतं ते, पोरांची भांडणं, सासरच्या कागाळ्या. चित्त्याला त्यातलं काही कळायची गरज नव्हती. आवाज येतो आणि आपल्याला काही होत नाही, एवढंच त्याच्या अंगात मुरायला हवं होतं. चित्ता मुळात बुजरा. बिबट्या उलटून येईल तिथे हा पळ काढतो. डरकाळी त्याला फोडता येत नाही, पण निर्धास्त झाला की तो मांजरासारखा घुरघुरतो.

आज माझ्याकडे शुगर ग्लायडर घेऊन मुलं येतात. मुठीत मावणारं ते जनावर नव्या घरात कर्कश ओरडतं, चावतं. त्याला कापडी थैलीत घालून छातीशी बाळगा, बोलत राहा, तुमचा वास त्याच्या ओळखीचा होऊ द्या, असं मी सांगतो. हे पारध्यांच्या बायकांना आधीच माहीत होतं.

पण एक गोष्ट झाकून चालणार नाही. चित्त्याला उपाशीही ठेवत. जगेल एवढंच देत, म्हणजे भरवणाऱ्या हाताची त्याला ओढ लागे. मग त्याला गर्दीतून फिरवून गलक्याची सवय लावायची. शिकार साधली की चित्तेवान लाकडी पळीत हरणाचं रक्त धरून पुढे करी. चित्ता पकड सोडून पळीकडे वळे. अकबराच्या दरबारातला अबुल फजल लिहितो की पूर्वी या शिक्षणाला दोन-तीन महिने लागत, बादशहाच्या देखरेखीखाली ते अठरा दिवसांत होऊ लागलं. त्यात दरबारी कौतुक असणारच. माझ्या अनुभवात भीती हुकमाने निघत नाही.

ही विद्या इतकी पक्की झाली, की रान रिकामं होत गेलं. माणसाळलेला चित्ता कैदेत वीत नसे. अकबराने हजार चित्ते जमवले तरी बछडी झाली नाहीत, असं त्याचा मुलगा जहांगीर नोंदवतो. पुढे त्याच्या पदरच्या एका नराने गळपट्टा सोडवून मादी गाठली आणि तीन पिल्लं झाली, याचं त्याला केवढं नवल! म्हणजे प्रत्येक नवा चित्ता रानातूनच यायचा. 1918 ते 1945 या काळात संस्थानिकांनी आफ्रिकेतून सुमारे 200 चित्ते आणले. कोल्हापूरचेही त्यांत होते. 1947 मध्ये कोरिया संस्थानच्या राजाने एकाच रात्री तीन चित्ते मारले. भारतातल्या मूळच्या रानटी चित्त्याची ती अखेरची खात्रीची नोंद समजली जाते.

राजेसाहेबांची नावं फोटोखाली आहेत. बाजेला लागून बसलेल्या बायकांपैकी एकीचंही नाव मला कुठे सापडलेलं नाही. चित्तेवानांच्या आणि पारध्यांच्या घरांत आजीकडून ऐकलेलं कुणाला आठवत असेल, जुनी टोपी किंवा पळी फळीवर पडलेली असेल, तर ते आत्ताच लिहून आणि जपून ठेवायला हवं. सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत.