पहिले 257 तुकडे

गुरुवार, 27 मे 2021. गुहागर तालुक्यातलं आमचं घर. रात्री 11.52 ला राउटर गेला. पुतणीचा ऑनलाइन पेपर शुक्रवारी सकाळी 10 ला होता. मध्ये 10 तास 8 मिनिटं होती.

दुपारी 4.00

सराव परीक्षा सुरू झाली. 50 प्रश्न, 60 मिनिटं, सगळे पर्यायी उत्तरांचे. पुतणी माजघरात बसली होती, राउटर पडवीत, मध्ये जांभ्याची दीड फुटी भिंत. मुंबईतलं कॉलेज बंद, म्हणून ती मार्चपासून आमच्याकडे होती. गावात मोबाइलला रेंज नाही. ती हवी तर सड्यावर चढायचं, 20 मिनिटांची वाट. घरात नेट येतं ते केबलवाल्याच्या फायबरमधून आणि या एका राउटरमधून.

4.11 ला नेट गेलं. दीड मिनिटाने आलं. 4.37 ला पुन्हा गेलं. दोन्ही वेळा मी पडवीत होतो. राउटरचे सगळे दिवे एकदम विझले आणि एकेक करत लागले. तो आपला आपणच बंद होऊन चालू होत होता.

संध्याकाळी 6.30

राउटरमध्ये शिरून मेमरी बघितली. 1.9 एमबी मोकळी.

हा राउटर माझ्या हातचा होता. 2019 मध्ये मी त्यातलं कंपनीचं फर्मवेअर काढून ओपनडब्ल्यूआरटी टाकलं होतं. 2004 पासून जगभरची माणसं मिळून ते लिहितात, आणि कंपन्यांनी ज्यांचे अपडेट थांबवले असे राउटर त्याच्या जोरावर चालतात. मला त्याचं फार अप्रूप होतं, आजही आहे. पण माझ्या राउटरची फ्लॅश 4 एमबीची आणि रॅम 32 एमबीची. एवढ्याशा जागेत हे नीट चालणार नाही, असं प्रकल्पाने स्वतःच बजावून ठेवलं होतं. अशा यंत्रांसाठी 19.07 ही शेवटची अधिकृत मालिका. माझ्याकडे त्याआधीची 18.06 होती. ती सूचना मी 2019 मध्येच वाचली होती. तेव्हा घरात तीन फोन होते. आता पाच फोन, एक लॅपटॉप, एक डेस्कटॉप.

रात्री 8.40

जेवताना बायको म्हणाली, "उद्या तासभर आपण सगळे फोन बंद ठेवू. तिचा एकटीचाच चालू राहू दे."

एवढ्याने भागलं असतं. मी म्हटलं, "त्याने मूळ दुखणं जात नाही."

रात्री 9.05

मुंबईला दादाला व्हॉट्सअ‍ॅपवरून फोन लावला. एकदा तुटला, परत लावला. कंपनीचं मूळ फर्मवेअर पुन्हा टाकतो, ते हलकं आहे, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "टाक. पण उद्या पेपर झाल्यावर टाक."

मी "बघतो" म्हटलं.

रात्री 9.50

कंपनीची मूळ फाइल उतरवली. लांबलचक नाव: मॉडेल, आवृत्ती, भाषा, शेवटी कंसात तारीख. तारखेच्या आधी चार इंग्रजी अक्षरं होती, 'बूट'. आकार 3.87 एमबी. चिप 4 एमबीची. मावतं, असं मनात म्हटलं आणि पुढे गेलो.

रात्री 10.15

लाईट लुकलुकली.

दहाच दिवसांपूर्वी तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं होतं. आमच्या वाडीत खांब आडवे झाले होते, नंतर उभे केले, तरी रोज दोन-तीनदा लाईट जातच होती. फर्मवेअर लिहिलं जात असताना वीज गेली तर राउटर अर्धा लिहिलेला राहतो आणि मरतो, हे कुणीही सांगेल. मला ती एकच भीती होती. मी राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले. बॅटरीचं पाणी बघितलं. मेन स्विच पाडून पाच मिनिटं थांबलो. दिवे हलले नाहीत. स्विच चढवला. या तयारीत 50 मिनिटं गेली. फाइलचं नाव मी पुन्हा वाचलं नाही.

रात्री 11.20

पुतणी झोपायला गेली. जाताना विचारलं, "काका, उद्या नेट राहील ना?" मी "राहील" म्हटलं.

रात्री 11.24

हे काम वायरवरून करायचं असतं. माझ्या लॅपटॉपला वायरचं भोक नाही. डेस्कटॉपला आहे, पण तो खोलीत, आणि खोलीत आई झोपली होती. वाय-फायवरूनच करायचं ठरवलं.

रात्री 11.31

राउटरचं फर्मवेअर बदलायचं पान उघडलं. त्या पानावर वरच्या भागात सेटिंग्जची प्रत काढून ठेवायचं बटण असतं, खालच्या भागात नवी फाइल चढवायचं. प्रत काढायला दोन सेकंद लागतात. जुनी सेटिंग्ज कंपनीच्या फर्मवेअरला कळणार नाहीत, मग प्रत कशाला, असा विचार केला. विचार बरोबर होता. पण केबलवाल्याच्या जोडणीचं युजरनेम आणि पासवर्ड त्याच सेटिंग्जमध्ये होते. त्याच्या माणसाने ते स्वतः टाइप केले होते. घरात दुसरीकडे कुठेही लिहिलेले नव्हते.

रात्री 11.36

फाइल चढवली. राउटरने नाकारली. लाल पट्टीत एकच वाक्य: ही फाइल चालणाऱ्या प्रकारातली नाही, योग्य प्रकारची निवडली आहे का ते पाहा.

तेच काम आज्ञा टाइप करून केलं असतं तर राउटरने नेमकं कारण सांगितलं असतं: फाइल अग्राह्य, हिच्यात बूटलोडर आहे. ती तपासणी ओपनडब्ल्यूआरटीत कुणीतरी विचार करून, माझ्यासारख्यासाठीच लिहून ठेवली होती. वेबपानावर त्या कारणाऐवजी सरधोपट वाक्य दिसतं. मी कारण शोधायला गेलो नाही. कंपनीची फाइल आहे म्हणून ओपनडब्ल्यूआरटी अडवतंय, असा अर्थ काढला.

रात्री 11.44

अडवणूक टाळायचा रस्ता मला माहीत होता. एमटीडी नावाची आज्ञा थेट चिपवर लिहिते. प्रकार बघत नाही, नाव बघत नाही. फाइल राउटरच्या मेमरीत नेऊन ठेवली.

आता थोडं चिपबद्दल. 4 एमबी म्हणजे 41,94,304 बाइट. त्यातले पहिले 128 केबी बूटलोडरचे. वीज आली की हा पहिला जागा होतो आणि बाकीच्यांना उठवतो. शेवटचे 64 केबी त्या एका राउटरच्या रेडिओच्या जुळणीचे, त्याचे आकडे कारखान्यात लिहिलेले असतात. फर्मवेअरला उरते ती मधली जागा: 3,904 केबी, म्हणजे 39,97,696 बाइट. माझी फाइल 40,63,744 बाइटची होती. जागेपेक्षा 66,048 बाइट जास्त.

ती मोठी का होती? तिच्या सुरुवातीला 512 बाइटचा मथळा आणि बूटलोडरची अख्खी प्रत जोडलेली होती. नावातली 'बूट' ही अक्षरं तेवढंच सांगत होती. कंपनीच्या स्वतःच्या पानावरून फाइल चढवली तर हा भाग आपल्याला काढावा लागत नाही. थेट चिपवर लिहायची तर तो आधी हाताने कापावा लागतो. 512 बाइटचा एक तुकडा धरला तर पहिले 257 तुकडे.

रात्री 11.50

आज्ञा टाइप केली. 'एंटर'च्या आधी इन्व्हर्टरच्या दिव्याकडे बघितलं. हिरवा होता.

रात्री 11.51

स्क्रीनवर चौकटी कंसातलं एक अक्षर भराभर बदलू लागलं. पुसणं, लिहिणं, पुसणं, लिहिणं. लाईट गेली नाही.

रात्री 11.52

स्क्रीन थिजली. वाय-फायचं नाव यादीतून गेलं. राउटरचे सगळे दिवे एकदम लागले, एकदम विझले. पुन्हा लागले, पुन्हा विझले. बूटलोडर उठत होता, ठरलेल्या जागी लिनक्स शोधत होता, तिथे त्याला दुसरा बूटलोडर सापडत होता.

रात्री 12.30

दिवे तसेच. अजून लिहिणं चालू असेल म्हणून हात लावला नाही. 4 एमबीला दोन मिनिटांच्या वर लागत नाहीत.

रात्री 1.10

वाचवायची सोय होती. माझा बूटलोडर शाबूत होता. रिसेटचं बटण दाबून वीज दिली की तो वायरवर 192.168.0.66 या पत्त्याच्या संगणकाकडे ठरलेल्या नावाची फाइल मागतो. ती पुरवायला संगणकावर टीएफटीपी सर्व्हर लागतो. तो माझ्याकडे नव्हता. नेटवरून उतरवायला हवा होता.

पहाटे 5.15

बॅटरी घेऊन सड्यावर गेलो. 5.40 ला रेंज आली. सर्व्हर उतरवला. मग फोनवरच शोधलं आणि नावात 'बूट' असलेल्या फाइलीबद्दलचं वाक्य वाचलं. 5.52 झाले होते. दादाला मेसेज टाकला नाही.

सकाळी 6.25

लॅपटॉपवर पहिले 257 तुकडे कापले. एक सेकंदही लागला नाही. उरलेली फाइल 39,32,160 बाइटची.

सकाळी 6.50

आई उठली होती. खोलीतल्या डेस्कटॉपला वायर लावली, सर्व्हर उघडला. विंडोजने फायरवॉलचा प्रश्न विचारला, मी घाईत 'कॅन्सल' केलं. 'कॅन्सल' म्हणजे अडवा, असा त्याचा अर्थ होतो. राउटर फाइल मागत राहिला आणि विंडोजने ती मागणी सर्व्हरपर्यंत जाऊ दिली नाही. सात वेळा केलं. वायर खराब आहे असं धरून राउटर बाजूला ठेवला.

दुसरा राउटर आणायचा प्रश्न नव्हता. निर्बंध 1 जूनपर्यंत होते. बाजारपेठेत किराणा आणि औषधं सोडून सगळी शटर खाली.

सकाळी 7.40

राउटर वगळून फायबरचा डबा थेट डेस्कटॉपला जोडला. युजरनेम-पासवर्ड विचारला. चार अंदाज टाकले. चारही वेळा एरर 691.

सकाळी 8.05

शेजारच्या पोराला मोटरसायकलवरून केबलवाल्याकडे धाडलं. केबलवाला खाली वादळात तुटलेली फायबर जोडायला गेला होता. त्याच्या बायकोने निरोप ठेवून घेतला.

सकाळी 9.10

मी सांगितलेलं सगळं पुतणीने ऐकून घेतलं. काही बोलली नाही. फोन, पॉवर बँक, पाण्याची बाटली आणि ओळखपत्र पिशवीत भरलं. बायको छत्री घेऊन तिच्याबरोबर निघाली. मी घरी थांबलो, निरोप आला तर घ्यायला कुणी हवं होतं.

सकाळी 10.00

पेपर सुरू झाला. वारा होता, आणि सड्यावर रेंज वाऱ्याबरोबर हलते. 10.23 ला तिचं लॉगिन झालं, हे मला नंतर कळलं. फोनच्या पडद्यावर उन्हात अक्षरं दिसेनात म्हणून बायकोने छत्री खाली धरली होती.

सकाळी 11.00

वेळ संपली. पेपर आपोआप जमा झाला.

सकाळी 11.06

पोरगा केबलवाल्याची चिठ्ठी घेऊन आला. वहीच्या कागदावर दोन ओळी.

सकाळी 11.12

डेस्कटॉपवर नेट आलं.

सकाळी 11.26

सर्व्हरला फायरवॉलमधून परवानगी दिली. वायर तीच. राउटरने फाइल मागितली, मिळाली, लिहून घेतली. दोन मिनिटांनी दिवे एकेक करत लागले.

सकाळी 11.40

त्या दोघी उतरल्या. पुतणीने पिशवी कोनाड्यात ठेवली. 50 पैकी 31 प्रश्न झाले होते. तिने फोन चार्जिंगला लावला, वाय-फायची यादी उघडली. यादीत कारखान्यातलं नाव होतं, कंपनीचं नाव आणि पुढे आकडे.

"काका, हे आपलंच का?" तिने विचारलं.