विष्ठेचा औषधी इतिहास

हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात माझे आजोळ. बैलाचे रवंथ करणे थांबले की आजोबा धडधाकट बैलाच्या तोंडातला चोथा काढून आजारी बैलाला भरवीत. "त्याचं पोट याला लागू दे," एवढेच त्यांचे स्पष्टीकरण.

माणसांतही हा विचार जुनाच. चौथ्या शतकात चीनमधील वैद्य गे होंग यांनी जीवघेण्या जुलाबांवर निरोगी माणसाची विष्ठा पाजण्याचा उपाय नोंदवला. १९५८ साली अमेरिकेत बेन आइझमन आणि सहकाऱ्यांनी प्रतिजैविकांनंतर आतड्याला भीषण सूज आलेल्या चार रुग्णांना तिचा बस्ती दिला, चौघेही सावरले. २०१३ साली नेदरलँड्समधील चाचणीत क्लॉस्ट्रिडियम जंतूचे वारंवार जुलाब होणाऱ्या १६ पैकी १३ रुग्णांना पहिल्याच मात्रेने गुण आला.

दरम्यान १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी नऊ वर्षांच्या रक्तकर्करोगी मुलीवर भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. या उपचारात मुलाचा मूळ मज्जा औषधांनी नष्ट करून दात्याच्या मूलपेशी देतात. कधी त्या नव्या पेशी मुलाच्याच आतड्यावर उलटतात. प्रतिजैविकांनी पोटातले उपकारक जंतू आधीच मेलेले असतात आणि औषधांना न जुमानणारे जंतू तिथे ठाण मांडतात. जुलाब थांबत नाहीत, अन्न अंगी लागत नाही. स्टिरॉइडही हरले, की काही केंद्रांत हा जुना उपाय मुलांवर करून पाहतात. काही मुलांना गुण आल्याच्या नोंदी आहेत. पण त्या थोड्या मुलांच्या आहेत.

मग आपल्याकडे तो सरसकट का करू नये? उत्तर २०१९ सालात आहे. अमेरिकेत मूलपेशी प्रत्यारोपण झालेला एक प्रौढ रुग्ण दात्याच्या विष्ठेतून आलेल्या प्रतिरोधी ई. कोलाय जंतूने दगावला. दाता धडधाकट होता. त्या जंतूची तपासणी तेवढी झाली नव्हती. भारतात तर असे जंतू निरोगी माणसांच्या पोटातही सर्रास सापडतात. म्हणजे मुलासाठी जीव द्यायला तयार असलेली आईसुद्धा दाता म्हणून नापास ठरू शकते.

शतकानुशतके या उपायाच्या आड किळस येत होती. आज किळस सरली आहे, खरी अडचण न दिसणाऱ्या जंतूंची आहे. आजोबा बैलाची निवड डोळ्यांनी करीत. प्रतिकारशक्ती गमावलेल्या लेकरासाठी प्रयोगशाळेचेच डोळे हवेत.