राजूर, वणी आणि यवतमाळ : प्रवासी वाहतुकीच्या मागणीचा इतिहास व तिची भाषा

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे गाव दगडी कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या ह्यांमुळे विदर्भात परिचित आहे. गावाच्या नावापुढे ‘कॉलरी’ हा शब्द इतक्या सहजपणे जोडला जातो की तो परकीय आहे ह्याचे भान बोलणाऱ्यास राहत नाही. रेल्वे ह्या गावापर्यंत आली ती कोळसा नेण्यासाठी. खाणीत उतरणारा मजूर, बाजारास वणीला जाणारी स्त्री, वरच्या वर्गात शिकण्यासाठी रोज तालुक्याच्या गावी जाणारा विद्यार्थी, ह्यांपैकी कोणीही त्या लोहमार्गाच्या मूळ हिशेबात नव्हते. तेव्हा अशा मुलखात सामान्य प्रवाशाने वाहतुकीची मागणी केली ती कोणाकडे, कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या शब्दांत, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतला आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने वाहतुकीच्या इतिहासात शिरावे हे काहींना अनधिकार वाटण्याचा संभव आहे. परंतु मागणी ही अखेर एक वाक्यरचना असते आणि बोलणारा कोण व ऐकणारा कोण ह्यावर तिचे रूप ठरते. त्या रूपातील बदल तपासल्यास इतिहासाचाही काही भाग हाती लागतो, असे वाटते.

वऱ्हाडातील लोहमार्गांची कुळकथा कापसापासून सुरू होते. १८७० साली खामगावचा फाटा उघडला तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः उपस्थित होते, ह्यावरून इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडी कापसाचे किती अगत्य होते हे ध्यानात येते. त्यापाठोपाठ अमरावतीचा फाटा झाला आणि त्याच दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळशापर्यंत सरकारी मार्ग गेला. कापूस आणि कोळसा ह्या दोन मालांनी जिल्ह्याच्या दोन बाजूंना रूळ आणले. मधल्या विस्तीर्ण पट्ट्यास काही मिळाले नाही. मारेगाव, झरी-जामणी ह्या भागांचे भवितव्य त्यामुळे पुढील काळात मुख्यतः सडकेवर अवलंबून राहिले.

यवतमाळ शहरास मिळालेली रेल्वे ह्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. किलिक निक्सन ह्या मुंबईच्या पेढीने १९१० मध्ये स्थापन केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर व दुसरीकडे यवतमाळ असा अडीच फूट रुंदीचा, सुमारे १९० किलोमीटर लांबीचा मार्ग बांधला. मार्ग कंपनीचा, गाड्या चालविणार ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, आणि उत्पन्नातील वाटा कंपनीस, अशी ती व्यवस्था होती. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मध्य रेल्वे अस्तित्वात आली तरी ह्या मार्गाची मालकी खासगीच राहिली. भारतीय रेल्वेने गाडी चालवावी आणि कंपनीस मोबदला द्यावा, हा क्रम पुढेही कायम राहिला. लोकांनी ह्या गाडीस ‘शकुंतला’ असे नाव दिले. नावाच्या व्युत्पत्तीविषयी ज्या कथा सांगितल्या जातात त्यांत प्रस्तुत लेखकास फारसे तथ्य दिसत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच की मालवाहतुकीसाठी बांधलेल्या मार्गास एका स्त्रीचे नाव देऊन लोकांनी तो आपलासा केला. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले तिचे वाफेचे एंजिन १५ एप्रिल १९९४ रोजी सेवेतून काढण्यात आले व डिझेल एंजिन आले. त्यानंतर २०१० नंतरच्या दशकात गाड्या टप्प्याटप्प्याने थांबल्या. अत्यल्प भाड्यात जाणारी ही गाडी मोलमजुरी करणाऱ्यांची होती. तिच्या वेगाची थट्टा करणारे बहुधा तिच्यातून प्रवास करीत नसत.

‘शकुंतला वाचवा’ म्हणून ज्या समित्या उभ्या राहिल्या, त्यांच्यापुढील पेच असा होता की मागणी नेमकी कोणाकडे करावी? मालक कंपनी, चालक रेल्वे, आणि धोरण दिल्लीचे. अर्जाला पत्ता हवा असतो. पत्ता तीन ठिकाणी विभागला की अर्जाचे वाक्य पांगळे होते. रुंदीकरण व्हावे, की आहे तोच मार्ग दुरुस्त करून गाडी पुन्हा सुरू करावी, ह्या दोन मागण्या निवेदनांतून शेजारी शेजारी उभ्या असत. पहिली भांडवली खर्चाची आहे, दुसरी चालू खर्चाची. शासनाच्या दृष्टीने ह्या दोन निराळ्या पिशव्या आहेत. निवेदन लिहिणाऱ्यास मात्र त्या एकच वाटतात.

रेल्वेच्या प्रवाशास बोलण्याचे स्थान देण्याचा प्रयत्न ह्यापूर्वी झाला होता. १९२०-२१ च्या ॲकवर्थ समितीने रेल्वेचे अंदाजपत्रक सर्वसाधारण अंदाजपत्रकापासून वेगळे करावे आणि सल्लागार मंडळे नेमावीत अशी शिफारस केली. वेगळे अंदाजपत्रक १९२४ पासून आले व २०१७ पर्यंत टिकले. उपभोक्ता सल्लागार समित्या आजही आहेत. तथापि सल्ला देणे आणि मागणी करणे ह्यांत अंतर आहे. सल्लागार सभागृहात बसतो, तर मागणारा बहुधा फलाटावर उभा असतो.

एस.टी. आल्यावर मात्र हे चित्र पालटले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याच्या परिवहन सेवेची पहिली गाडी धावली. १९५० मध्ये मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा झाला. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ च्या पुनर्रचनेनंतर येथील सरकारी वाहतूक सेवा मुंबई राज्याच्या महामंडळात आली आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर आजचे महामंडळ आकारास आले. राजूरच्या माणसास आता एक निश्चित पत्ता मिळाला : वणी आगार, त्यावर यवतमाळचा विभाग, त्यावर मुंबईचे मध्यवर्ती कार्यालय. ग्रामपंचायतीच्या ठरावाची नक्कल जोडून आगार व्यवस्थापकाकडे अर्ज नेता येऊ लागला. हा पालट जितका प्रशासकीय होता तितकाच भाषिकही होता.

१९५० च्या कायद्यातील दोन कलमे येथे शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. कलम १८ अन्वये महामंडळाने कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची व सुसंघटित वाहतूक पुरवावी अशी अपेक्षा आहे. कलम २२ म्हणते की महामंडळाने आपला कारभार व्यावसायिक तत्त्वांवर चालवावा. ‘पुरेशी’ हा शब्द प्रवाशाच्या बाजूचा, ‘व्यावसायिक’ हा हिशेबनिसाच्या बाजूचा. गेल्या सत्तरांहून अधिक वर्षांतील जवळजवळ प्रत्येक बंद पडलेली फेरी ह्या दोन शब्दांच्या मधल्या जागेत बंद पडली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या जागेत जो शब्द वावरतो तो ‘भारमान’. फेरी का बंद झाली असे विचारता ‘भारमान नाही’ असे उत्तर मिळते. उपलब्ध आसनांच्या मानाने प्रत्यक्ष प्रवासी किती, ह्याचे ते प्रमाण. इंग्रजी संज्ञेसाठी घडविलेला हा संस्कृत प्रतिशब्द आहे आणि तो निर्दोष आहे. परंतु माणसास ‘भार’ म्हणून मोजणारी ही संज्ञा कोळशाच्या मुलखात ऐकताना किंचित अडखळावयास होते. त्याच्या उलट टोकास ‘मुक्कामी गाडी’ हा प्रयोग आहे. रात्री गावात येऊन थांबणारी व पहाटे निघणारी गाडी, असा त्याचा अर्थ. शब्द अरबीतून आलेला, पाहुण्यासाठी वापरला जाणारा. चालक-वाहक गावात झोपतात आणि सकाळी दवाखान्यात, कचेरीत वा शाळेत जाणाऱ्यास पहिली गाडी हमखास मिळते. आडवळणाच्या गावांसाठी सर्वांत मोलाची सेवा हीच होय. रात्रीच्या शेवटच्या फेरीचे भारमान मात्र स्वभावतःच कमी असते. सकाळच्या फेरीशी तिची बेरीज करून हिशेब केला तरच तिचा उपयोग आकड्यांत दिसतो.

आता निवेदनाच्या रचनेकडे वळू. जुन्या अर्जाचा आरंभ ‘मेहेरबान साहेबांचे सेवेशी’ अशा फारसी वळणाने होई, क्रियापद ‘व्हावी’ ह्या विध्यर्थी रूपात येई आणि अर्जदार स्वतःस ‘गरीब’ म्हणवी. आजच्या निवेदनात ‘उपरोक्त विषयान्वये’ असा आरंभ, ‘शैक्षणिक नुकसान’ हे कारण, आणि शेवटी ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल, होणाऱ्या परिणामास प्रशासन जबाबदार राहील’ असा इशारा असतो. ‘छेडण्यात येईल’ ह्या कर्मणी रचनेत कर्ता लोपलेला आहे. आंदोलन करणारा कोण, हे वाक्य सांगत नाही. कार्यालयीन मराठीने जी कर्तृलोपाची सवय शासनास लावली, तीच जनतेनेही उचलली आहे. अर्जदार आणि अधिकारी दोघेही एकच भाषा बोलू लागले हे समतेचे चिन्ह मानावे, की दोघांनीही जबाबदारी वाक्याबाहेर ठेवली असे मानावे, ह्याविषयी प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या मताकडे आहे.

ह्याच वणीत १८८० साली जन्मलेले माधव श्रीहरि अणे ह्यांनी १९३० च्या जुलैमध्ये पुसद येथे जंगल सत्याग्रह केला. जंगलासंबंधी लोकांजवळ हक्काची जुनी भाषा होती. विदर्भाच्या पूर्व भागात तर त्यासाठी ‘निस्तार’ असा स्वतंत्र शब्दच आहे. वाहतुकीसाठी असा शब्द मराठीत घडला नाही. गवत आणि सरपण ह्यांवरील हक्क सांगता येतो, बसवरील मात्र ‘सोय’ म्हणून मागावी लागते. सोय देणारा ती काढूनही घेऊ शकतो.

पैशाच्या बाजूकडे पाहता हाच दुबळेपणा दिसतो. १९५८ च्या कायद्यान्वये एस.टी.च्या भाड्यावर प्रवासी कर आकारला गेला आणि तो अनेक वर्षे साडेसतरा टक्के होता. म्हणजे राजूरहून वणीस जाणारा मजूर राज्याच्या तिजोरीत भर घालीत होता. दुसऱ्या बाजूस राज्याने सवलती दिल्या. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांस विनामूल्य प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धे भाडे मिळू लागले. ह्या सवलतींची भरपाई शासन महामंडळास करते. योजना स्वागतार्ह आहेत. पण ही भरपाई निघालेल्या तिकिटामागे असते. ज्या गावी गाडीच जात नाही तेथे तिकीट निघत नाही, म्हणून अनुदानाचा पैसाही तेथे पोहोचत नाही. तेथील वृद्धा काळी-पिवळी जीपचे पूर्ण भाडे भरते. सेवेसाठी थेट पैसा देण्याचे उदाहरण मानव विकास कार्यक्रमातील निळ्या गाड्यांचे आहे. मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत नेण्यासाठी त्या दिल्या गेल्या आणि त्यांचा खर्च शासनाने उचलला. येथे गाडीची फेरी हेच अनुदानाचे एकक आहे. निवेदने लिहिणाऱ्यांनी ह्या भेदाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे होते.

ऑक्टोबर २०२१ अखेरपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या कर्मचाऱ्यांच्या संपात हा प्रश्न निराळ्या रूपाने पुढे आला. ‘विलीनीकरण’ हा त्या संपाचा शब्द होता. महामंडळ शासनात विलीन करावे, कर्मचाऱ्यांस शासकीय सेवकांचा दर्जा द्यावा, ही मागणी. कलम २२ च्या व्यावसायिक तत्त्वांना एवढे थेट आव्हान त्यापूर्वी क्वचितच दिले गेले असेल. मात्र त्या दीर्घ काळात खेड्यातील प्रवासी ह्या वादात पक्षकार नव्हता. त्याच्यासाठी कोणतेही वाक्य कोणी योजले नव्हते.

कोकणाशी तुलना केल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. कोकण रेल्वेच्या मागणीस अ. ब. वालावलकर, बॅरिस्टर नाथ पै, मधु दंडवते ह्यांच्यासारखे आवाज लाभले आणि १९९८ मध्ये ती पूर्ण झाली. यवतमाळातही वर्धा-यवतमाळ-नांदेड ह्या २८४ किलोमीटरच्या मार्गास २००८-०९ मध्ये मंजुरी मिळाली, राज्याने खर्चाचा ४० टक्के वाटा उचलण्याचे मान्य केले आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-कळंब हा टप्पा प्रवाशांसाठी खुला झाला. नवा मार्ग मागणे हे दृश्य आणि उत्सवी कार्य आहे. त्याचे भूमिपूजन होते, कोनशिला बसते. बंद पडलेल्या मुक्कामी गाडीसाठी कोणी कोनशिला बसवीत नाही. म्हणून जिल्ह्याच्या सार्वजनिक शक्तीचा मोठा वाटा रुळांच्या मागणीकडे वळला आणि सडकेवरील फेऱ्यांची बाजू शाळेचे मुख्याध्यापक, सरपंच व विद्यार्थी ह्यांच्या सुट्यासुट्या अर्जांवर राहिली.

त्या अर्जांत अलीकडे एक नवा परिच्छेद दिसू लागला आहे. ‘आमच्या गावचे इतके विद्यार्थी पासधारक असून’ असा तो आरंभतो. आगाराने विचारण्यापूर्वीच अर्जदार भारमान सांगतो. ज्या शब्दाने फेरी बंद झाली, तो शब्द त्याने आता आपल्या बाजूच्या कागदात लिहून घेतला आहे.