खाड्यांचा हिशोब

सालगड्याचं साल पाडव्याला सुरू व्हायचं आणि पाडव्यालाच संपायचं. उचल आधी मिळे आणि आजारपणाचे दिवस खाडे म्हणून मालकाच्या वहीत चढत. खाडे भरून द्यायचे, नाहीतर घरातलं दुसरं माणूस बदली पाठवायचं. नांदेड जिल्ह्यातल्या मुदखेडच्या शिवारातल्या मजुराला दुखण्यातून उठताना काय सोसावं लागलं, ते दवाखान्याच्या कागदांपेक्षा या वहीत जास्त सापडतं. माझे वडील सालगडी होते. मी ती वही पाहत वाढले.

1956 पर्यंत मुदखेड हैदराबाद राज्यात होतं. सिकंदराबाद-मनमाड रेल्वेमार्गावरचं हे स्टेशन, त्यामुळे मोठं दुखणं आलं की आजोबांच्या पिढीतली माणसं हैदराबादचा उस्मानिया दवाखाना गाठत. रोग्यासोबत घरातलं एक धडधाकट माणूस जाई, म्हणजे दोघांची मजुरी एकदम बुडे. परतल्यावर सावकाराकडून सवाई-दिढीनं ज्वारी आणायची. पोतंभर नेलं तर सुगीला सव्वा किंवा दीड पोतं घालायचं. रोगी काठी सोडून चालू लागेपर्यंत येणाऱ्या सुगीचा दाणा सावकाराचा झालेला असे.

गावाला माया नव्हती असं मी म्हणणार नाही. कुणब्याचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळला तर गाव इर्जिक करी. आठ-दहा औतं एकाच दिवशी त्याच्या रानात उतरत, नांगरट किंवा पेरणी उरकत, आणि घरची बाई सगळ्यांना जेवू घाली. पेरणी वेळेवर झाली की वर्ष वाचे. पण इर्जिकीला रान लागतं. ज्याच्याकडे दोन हातांशिवाय काही नव्हतं, त्याच्यासाठी औत कुठे धरणार? आमच्याकडे शेजारणी भाकरी-कालवण आणून देत. त्यांचे उपकार फार मोठे, पण खाडे त्यानं भरून निघत नव्हते.

वडिलांना क्षय झाला तो 1972 च्या दुष्काळात. तोवर क्षयाच्या उपचाराची रीत बदलली होती. मद्रासमधल्या अभ्यासानं 1959 साली दाखवून दिलं होतं की औषधं नेमानं घेतली तर रोगी घरी राहूनही आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. गरिबासाठी ही फार मोठी गोष्ट होती. तरीही त्या काळी औषधं वर्ष-दीड वर्ष चालत. इंजेक्शनं, गोळ्या, आणि वर डॉक्टरांचं सांगणं : दूध, अंडी, विश्रांती. औषध सरकारी दवाखान्यातून मिळालं. बाकीचं आम्ही कुठून आणणार?

आई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. तिथे मिळणारी सुकडी ती पदरात बांधून आणी आणि आधी वडिलांना देई. त्याच दुष्काळातून पुढे रोजगार हमीचा कायदा आला, मागेल त्याला काम मिळू लागलं आणि लाखो घरं तगली. पण नुकता दुखण्यातून उठलेला माणूस काम मागूच शकत नाही. वडिलांचे खाडे माझ्या थोरल्या भावानं भरले. तो शाळा सोडून मालकाची गुरं राखायला गेला आणि पुन्हा शाळेत बसला नाही. वडील खडखडीत बरे झाले, पुढे खूप वर्षं जगले. त्यांच्या बरं होण्याची किंमत माझ्या भावानं मोजली.

आजारी कामगाराच्या बुडालेल्या दिवसांचा पैसा त्याला मिळावा, ही कल्पना काही नवी नाही. जर्मनीत 1883 च्या कायद्यानं आजारी कामगाराला तेरा आठवड्यांपर्यंत अर्धा पगार देऊ केला. आपल्याकडे 1948 च्या कायद्यानं आलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत विमाधारक कामगाराला आज वर्षात 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के रक्कम मिळते, क्षयासारख्या दीर्घ आजारात त्याहून जास्त काळ मिळते. मुदखेड स्टेशनातल्या रेल्वे कामगाराला आजारपणाची रजा होती. रुळांपलीकडच्या रानात राबणाऱ्याला ती कधीच नव्हती.

2 जुलै 2012 ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होतं. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर कुटुंबाला तेव्हा वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत मिळत. माझ्या यजमानांच्या हृदयाची शस्त्रक्रिया त्याच योजनेत झाली. ती नसती तर आमचं अर्धा एकर रान गेलं असतं, हे मी कुणापुढेही सांगेन. साध्या पॅकेजमध्ये घरी सोडल्यानंतरची दहा दिवसांची औषधं आणि घरी जायचं एसटीचं किंवा रेल्वेचं भाडंही धरलेलं होतं. ठरावीक 121 उपचारांना पुढच्या तपासण्या-औषधांचीही सोय होती.

पण छातीचं हाड सांधायला महिने लागतात. तोवर ओझं उचलायचं नाही, वाकून काम करायचं नाही. आमच्या रानात काकड्याची फुलं होती. मुदखेडची फुलं नांदेडच्या बाजारात जातात आणि कळी उमलायच्या आत तोडावी लागते, ती कुणाच्या दुखण्यासाठी थांबत नाही. तोडणीला बायका लावल्या, त्यांची मजुरी दिली की हातात वाहतुकीपुरतं उरे. घर बचत गटाच्या कर्जावर चाललं, आणि ते कर्ज दुखण्यापेक्षा जास्त दिवस टिकलं.

संजय गांधी निराधार योजनेत क्षय-कर्करोगाचे रुग्ण बसतात, पण सहा महिन्यांनी पुन्हा उभं राहणाऱ्याला निराधार कोण ठरवणार? क्षयरोग्याला मात्र एप्रिल 2018 पासून आहारासाठी महिन्याला 500 रुपये मिळू लागले आणि नोव्हेंबर 2024 पासून 1,000. रक्कम तुटपुंजी आहे. तरी उपचार चालू असेपर्यंत रोग्याच्या पोटाचीही सोय करावी लागते, हे सरकारनं त्यात मान्य केलं, आणि माझ्या दृष्टीनं ही मोठी पायरी आहे.

पुढची पायरी मजुरीची. डॉक्टर घरी सोडताना कागदावर लिहितात : इतके आठवडे विश्रांती. शस्त्रक्रियेचं पॅकेज ठरतं, तशी त्या आठवड्यांची किमान मजुरीही त्यातच धरावी आणि थेट रुग्णाच्या खात्यावर घालावी. शेतमजुराची विश्रांती हाही उपचारच आहे. तिचा पैसा आजवर सावकारानं, बायकोच्या मजुरीनं आणि पोरांच्या शाळेनं भरला. आता तो सरकारनं भरावा.